सैनिकाच्या सेवानोंदीतील पदकांची दुरुस्ती

सैनिकाच्या सेवानोंदीतील पदकांची दुरुस्ती म्हणजे, सैन्यातील सेवेमुळे सैनिक ज्या पदकास पात्र ठरला परंतु जे त्याच्या सेवाकागदपत्रांत नोंदवले गेले नाही, ते पदक पुरावा तपासून नोंदीत समाविष्ट करण्याची प्रशासकीय प्रक्रिया होय. भारतीय भूदलात शिपायापासून सुभेदारापर्यंतच्या सैनिकांच्या बाबतीत हे काम संबंधित रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात होते. सैनिकांच्या बोलण्यात हे कार्यालय ‘रेकॉर्ड ऑफिस’ म्हणूनच ओळखले जाते. या प्रक्रियेत सैनिकाला नवा सन्मान बहाल केला जात नाही. त्याने केलेली सेवा आणि तिच्याविषयीचा कागद यांत पडलेले अंतर भरून काढणे, एवढाच तिचा हेतू असतो. त्यामुळे अशा प्रकरणाचा निकाल आठवणीवर किंवा शिफारशीवर ठरत नाही. घटनेच्या काळातच तयार झालेल्या लेखी पुराव्यावर ठरतो.

== व्याप्ती ==

सैनिकी पदकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र यांसारखी शौर्यपदके येतात. ती विशिष्ट कृतीसाठी शिफारशीने दिली जातात आणि त्यांची घोषणा भारताच्या राजपत्रात होते. एखाद्या कृतीची शिफारस त्या वेळी झालीच नसेल, तर नोंद दुरुस्तीच्या मार्गाने शौर्यपदक मिळू शकत नाही.

दुसऱ्या वर्गात सेवापदके येतात. ठरावीक मोहिमेत, ठरावीक प्रदेशात किंवा ठरावीक काळ सेवा केली की अटी पूर्ण करणारा प्रत्येक सैनिक त्यांना पात्र होतो. उदाहरणार्थ, १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ च्या युद्धासाठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, तर १९९९ च्या कारगिल संघर्षासाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल देण्यात आले. सैन्य सेवा मेडल हे जम्मू-काश्मीर, हिमालय, मरुस्थल अशा प्रदेशांचे नाव असलेल्या धातूच्या पट्टीसह दिले जाते. ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके, तसेच स्वातंत्र्याच्या २५ व्या, ५० व्या आणि ७५ व्या वर्धापनदिनाची पदकेही याच वर्गात मोडतात. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या सैनिकास मिळणारे वूंड मेडल आता पराक्रम पदक या नावाने ओळखले जाते.

नोंद दुरुस्तीची बहुसंख्य प्रकरणे या दुसऱ्या वर्गातील असतात. सेवापदक पात्रतेवर आधारलेले असल्यामुळे, सैनिक त्या काळात त्या ठिकाणी होता एवढे सिद्ध झाले की नोंद मागता येते.

== पदकाची नोंद कशी होते ==

नवे पदक राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने सुरू होते. पात्रतेचा काळ, प्रदेश आणि सेवेचे किमान दिवस या अटी त्याच वेळी ठरतात. रक्षा मेडलसाठी, उदाहरणार्थ, ५ ऑगस्ट १९६५ रोजी सेवेत असणे आणि किमान १८० दिवसांची सेवा झालेली असणे अशी अट होती. अटी जाहीर झाल्यावर पलटणीत पात्र सैनिकांची नामावली तयार होते. ती मंजूर झाली की दैनिक आदेशाच्या दुसऱ्या भागात प्रत्येकाचे नाव प्रसिद्ध होते. सैनिकी व्यवहारात या आदेशाला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. बढती, बदली, रजा, विवाह, अपत्यजन्म, जखम, शिक्षा अशी सैनिकाच्या आयुष्यातील प्रत्येक अधिकृत गोष्ट याच आदेशातून नोंदीत उतरते.

पार्ट टू ऑर्डरच्या आधारे अभिलेख कार्यालयातील ‘शीट रोल’ या मूळ सेवापत्रकात पदकाची नोंद होते. सैनिक निवृत्त होताना त्याच्या हाती पडणारे ‘डिस्चार्ज बुक’ हे या मूळ पत्रकाचा सारांश असते. प्रत्यक्ष पदक टांकसाळीत पाडले जाते आणि स्वतंत्र भारताच्या सेवापदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल कोरण्याची पद्धत आहे.

अशा रीतीने एका पदकामागे पलटणीची नामावली, पार्ट टू ऑर्डर, शीट रोल, डिस्चार्ज बुक आणि प्रत्यक्ष पदक असे पाच टप्पे असतात. यांपैकी कोणत्या टप्प्यावर साखळी तुटली हे ओळखणे, ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. शीट रोलमध्ये नोंद आहे, पण डिस्चार्ज बुकात उतरलेली नाही, अशी उणीव दूर करणे तुलनेने सोपे असते. पार्ट टू ऑर्डरच निघालेली नसेल तर पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते. पदक मिळाले होते पण हरवले, असे असेल तर तो नोंद दुरुस्तीचा विषयच राहत नाही. त्यासाठी दुय्यम प्रतीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

== नोंद राहून जाण्याची कारणे ==

पदक सुरू होण्यास लागणारा वेळ हे पहिले कारण आहे. १९६५ च्या युद्धाची पदके १९६७ मध्ये सुरू झाली, १९७१ च्या युद्धाचे पूर्वी आणि पश्चिमी स्टार १९७३ मध्ये. मधल्या काळात निवृत्त झालेला किंवा दुसऱ्या पलटणीत गेलेला सैनिक नामावली करताना नजरेआड होण्याची शक्यता असते. त्याचे डिस्चार्ज बुक पदकाच्या आधीच लिहून पूर्ण झालेले असते.

दुसरे कारण तात्पुरत्या नेमणुकीचे. एखादा सैनिक मूळ पलटणीतून काही महिन्यांसाठी दुसऱ्या तुकडीस जोडला जातो आणि युद्ध त्याच काळात होते. मूळ पलटण शांत प्रदेशात असल्यामुळे तिच्या नामावलीत त्याचे नाव येत नाही आणि जोडलेल्या तुकडीला तो आपला वाटत नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या जखमींच्या बाबतीतही असे घडू शकते.

तिसरे कारण नावाचे. सैन्यातील नोंदी इंग्रजीत लिहिल्या जात असल्यामुळे मराठी नावाची अक्षरे प्रत्येक कारकुनाच्या कानाप्रमाणे बदलतात. शिवाय जाधव, पवार, शिंदे, पाटील या आडनावांचे, एकाच नावाचे अनेक सैनिक एका पलटणीत असू शकतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी नांदत असलेल्या सोलापूर जिल्ह्यात एकाच व्यक्तीचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सातबारावर आणि सैन्याच्या कागदावर वेगवेगळे आढळणे नवलाचे नाही. म्हणूनच सैनिकी पत्रव्यवहारात नावापेक्षा सैनिक क्रमांकाला महत्त्व असते.

चौथे कारण कागदांच्या आयुष्याचे. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या सैनिकाची सेवाकागदपत्रे, तो सेवेतून गेल्यानंतर २५ वर्षे जपून ठेवून पुढे नष्ट करण्याची तरतूद सैन्याच्या विनियमांत आहे. त्यानंतर ‘लाँग रोल’ या कायमस्वरूपी नोंदवहीतील मोजका तपशील तेवढा उरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यकपातीत घरी परतलेल्या आणि निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांच्या वारसांना याच अडचणीला तोंड द्यावे लागते.

== प्रत्येक उणीव ही चूक नसते ==

डिस्चार्ज बुकात एखाद्या मोहिमेचे पदक नसले, म्हणजे नोंद चुकलीच, असे मानता येत नाही. त्या मोहिमेसाठी पदक सुरू झाले होते का, हे आधी पाहावे लागते.

सोलापूरच्या परिसरातील उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाविरुद्ध झालेल्या कारवाईत, जी ‘पोलीस अॅक्शन’ म्हणून मराठवाड्यात आणि सोलापुरात आजही ओळखली जाते, भारतीय सैन्याची मुख्य फळी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली १३ सप्टेंबर रोजी सोलापूरच्या बाजूने नळदुर्गच्या दिशेने पुढे सरकली. पाच दिवसांत निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. या कारवाईत भाग घेतलेल्या सैनिकाच्या वारसांना तिच्या नावाचे पदक असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या काळच्या जनरल सर्व्हिस मेडल १९४७ या पदकावर ज्या पट्ट्या दिल्या गेल्या, त्यांत जम्मू आणि काश्मीर, कोरिया, नागा हिल्स, गोवा १९६१, लडाख १९६२, नेफा १९६२ आणि मिझो हिल्स यांचा समावेश होतो. हैदराबादचा होत नाही. तेव्हा हैदराबादची पट्टी नसणे ही नोंदीतील चूक नव्हे. मात्र तोच सैनिक १५ ऑगस्ट १९४७ रोजी सेवेत असेल तर भारतीय स्वातंत्र्य पदकाची, आणि पुढे काश्मीरमधील मोहिमेत गेला असेल तर जम्मू आणि काश्मीर पट्टीची पात्रता तपासणे योग्य ठरते.

याउलट, डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावच्या बाजूने गोव्यात उतरलेल्या फौजेतील सैनिकाच्या नोंदीत ‘गोवा १९६१’ ही पट्टी नसेल, तर तेथे शोध घेण्यास आधार आहे, कारण ती पट्टी अधिकृतपणे अस्तित्वात होती.

बडतर्फीसारख्या शिक्षेमुळे पदकाचा हक्क गमावला जाऊ शकतो. त्यामुळे उणिवेचे कारण शीट रोलमधील शिस्तविषयक नोंदीतही सापडू शकते.

== पुरावे ==

पदकाच्या पात्रतेसाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: सैनिक कोण, तो कोणत्या तुकडीत होता आणि ती तुकडी त्या तारखांना कोठे होती. पहिल्या दोन गोष्टी सैनिकाच्या कागदांतून आणि तिसरी पलटणीच्या इतिहासातून सिद्ध होते.

सैनिकाच्या बाजूने डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश म्हणजेच पीपीओ, बदलीचे आणि बढतीचे आदेश, रुग्णालयाची कागदपत्रे, वेतनपत्रके आणि रजेचे दाखले उपयोगी पडतात. पलटणीच्या बाजूने युद्धदैनंदिनी, पलटणीचा छापील इतिहास आणि नामावल्या महत्त्वाच्या असतात. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक अभिलेखांसंबंधी धोरण मंजूर केले. त्यानुसार सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी अभिलेख खुले करावेत आणि त्याहून जुने अभिलेख तज्ज्ञांनी पारखून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत, असे ठरले.

छायाचित्राची किंमत मर्यादित असते. गणवेशावरील फीत पाहून पदकाचा अंदाज बांधता येतो, पण फीत अधिकृतपणे मिळाली होती की नाही हे छायाचित्र सांगत नाही. घरात जपलेले पदकही नेहमी निर्णायक ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धाची अनेक पदके नाव न कोरताच दिली गेली होती. अशा पदकावरून ते कोणाचे हे सिद्ध होत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत पुराव्याची मांडणी कशी होते हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. इटली स्टार हे पदक ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात सिसिली-इटलीच्या रणक्षेत्रातील सेवेसाठी होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी त्या काळात इटलीत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी तेथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर होता. या पलटणींतील एखादा सैनिक त्या तारखांना पलटणीसोबत होता एवढे त्याच्या कागदांवरून दिसले, की इटली स्टारची पात्रता निराळ्या साक्षीवाचून उभी राहते. तो त्या वेळी भारतातील प्रशिक्षण केंद्रात असेल, तर मात्र पलटणीचा पराक्रम त्याला पदक मिळवून देऊ शकत नाही. त्याची पात्रता मग वॉर मेडल किंवा भारतातच तीन वर्षे सेवा केल्याबद्दल असलेले इंडिया सर्व्हिस मेडल यांच्या अटींनुसार पाहावी लागते.

== अर्जाची पद्धत ==

=== कोणत्या कार्यालयाकडे ===

अर्ज सैनिकाच्या गावावरून नव्हे, तर त्याच्या रेजिमेंटवरून ठरणाऱ्या कार्यालयाकडे जातो. होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव त्याच्या रेल्वे जंक्शनसाठी परिचित आहे. येथून एक मार्ग वाडीकडे आणि दुसरा विजयपूरमार्गे गदगकडे जातो. या एकाच गावातील दोन माजी सैनिक वेगवेगळ्या दलांत असले, तर त्यांचे कागदही असेच वेगवेगळ्या दिशांना असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, चिलखती दल आणि यांत्रिकी पायदळ यांचे अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, तर विद्युत व यांत्रिक अभियंता दलाचे सिकंदराबादला आहेत. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्द येथील कार्यालयात आणि वायुसैनिकांच्या नवी दिल्लीतील वायुसेना अभिलेख कार्यालयात असतात. भूदलाच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी नवी दिल्लीतील मुख्यालयात ठेवल्या जातात.

=== जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ===

महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात असून सोलापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिक किंवा वीरपत्नी यांना अर्ज लिहिण्यास, कागद साक्षांकित करण्यास आणि तो योग्य अभिलेख कार्यालयाकडे पाठवण्यास हे कार्यालय साहाय्य करते. सेवानोंद बदलण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. तो अभिलेख कार्यालयाचाच असतो.

=== अर्जातील मजकूर ===

परिपूर्ण अर्जात सैनिक क्रमांक, हुद्दा, सेवेतील नोंदीप्रमाणे पूर्ण नाव, रेजिमेंट आणि पलटण, भरती व निवृत्तीच्या तारखा, पीपीओ क्रमांक, मागितलेल्या पदकाचे नेमके नाव आणि पट्टी, ज्या सेवेच्या आधारे ते मागितले आहे तिचे ठिकाण व तारखा, आणि सोबतच्या पुराव्यांची यादी यांचा समावेश असतो. ‘सर्व पदके द्यावीत’ अशी मोघम मागणी केल्यास कार्यालयाला काय तपासावे हेच कळत नाही. सैनिक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो. नावात तफावत असेल, तर प्रतिज्ञापत्र आणि जुने शालेय किंवा महसुली कागद यांच्या आधारे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे आधी दाखवणे इष्ट ठरते. मूळ कागद कधीही टपालाने न पाठवता साक्षांकित प्रती पाठवणे हा सर्वमान्य नियम होय.

=== माहितीचा अधिकार ===

नोंदीत नेमके काय आहे हेच ठाऊक नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी ठरतो. भारतीय भूदल या कायद्याच्या कक्षेत येते. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. उत्तर न मिळाल्यास किंवा असमाधानकारक असल्यास प्रथम अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करण्याची सोय आहे. स्वतःची सेवाकागदपत्रे मागणे त्यामानाने सरळ असते. दुसऱ्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती मागताना कायद्यातील निर्बंध लागू होतात, म्हणून वारसाने नाते सिद्ध करणे आवश्यक असते. या कायद्याने माहिती मिळते, दुरुस्ती होत नाही. दुरुस्तीचा अर्ज वेगळाच करावा लागतो.

== तक्रार आणि न्यायालयीन मार्ग ==

सेवेत असलेल्या सैनिकाला भूदल अधिनियम, १९५० च्या कलम २६ नुसार आणि अधिकाऱ्याला कलम २७ नुसार वरिष्ठांकडे दाद मागता येते. निवृत्त सैनिकाने प्रथम अभिलेख कार्यालयाकडे लेखी निवेदन करून त्याचा निर्णय मिळवणे अपेक्षित असते.

निर्णय प्रतिकूल असल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे कामकाज २००९ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्य पीठ नवी दिल्लीत असून महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी मुंबईत प्रादेशिक पीठ आहे. अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांत अर्ज करावा, अशी कायद्यातील मुदत आहे. निवेदनाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढील सहा महिन्यांत अर्ज करता येतो. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयांची उच्च न्यायालयात रिट अधिकारक्षेत्राखाली तपासणी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मधील निकालात स्पष्ट केले.

== उल्लेखनीय उदाहरणे ==

सैनिकी नोंदीतील चूक सर्वोच्च सन्मानापर्यंत कशी पोहोचू शकते, याची दोन उदाहरणे परमवीर चक्राच्या इतिहासात आहेत. ऑक्टोबर १९६२ मध्ये लडाखमधील सिरिजाप ठाण्यावर लढलेले मेजर धनसिंग थापा मरण पावल्याचे समजून त्यांना परमवीर चक्र मरणोत्तर जाहीर झाले. पुढे ते चीनच्या कैदेत जिवंत असल्याचे कळले आणि नोंद दुरुस्त करावी लागली. १९९९ मध्ये टायगर हिलच्या लढाईसाठी ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांनाही हा सन्मान प्रथम मरणोत्तर जाहीर झाला होता. त्यांच्याच नावाचा दुसरा सैनिक धारातीर्थी पडला होता आणि ते स्वतः रुग्णालयात उपचार घेत होते. सैनिक क्रमांकावाचून केवळ नावावर विसंबण्याचा धोका या घटनेतून लक्षात येतो.

तिसरे उदाहरण न्यायालयीन मार्गाचे आहे. कारगिल संघर्षात बटालिक क्षेत्रात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व केलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीचे चित्रण अधिकृत वृत्तांतात वस्तुस्थितीला धरून झाले नसल्याचा निष्कर्ष सशस्त्र दल न्यायाधिकरणाने मे २०१० मध्ये काढला आणि दुरुस्तीचे निर्देश दिले. युद्धानंतर अकरा वर्षांनी आलेल्या या निकालाने सैनिकी नोंद ही न्यायिक तपासणीपलीकडची नाही, हे अधोरेखित झाले.

== अन्य देशांत ==

अमेरिकेत १९४६ च्या कायद्याच्या आधारे सैनिकी नोंदी दुरुस्त करण्यासाठी नागरी सदस्यांची स्वतंत्र मंडळे आहेत. भारतात तशी स्वतंत्र मंडळे नाहीत. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्रास लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवाकागदपत्रे नष्ट झाली. तेव्हापासून त्या सैनिकांच्या नोंदी वेतनपत्रके आणि पलटणींचे दैनिक अहवाल यांवरून पुन्हा उभ्या केल्या जातात. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे निम्म्याहून अधिक सेवाकागद १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. पदक उशिरा सुरू होण्याचे ठळक उदाहरणही ब्रिटनमधीलच आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर ध्रुवीय समुद्रात सेवा केलेल्यांसाठी आर्क्टिक स्टार हे पदक २०१३ मध्ये सुरू करण्यात आले.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या किमान १ लाख १६ हजार जणांची नावानिशी किंवा मुळीच स्मृती जपली गेली नसल्याचे मान्य केले. त्यांत प्रामुख्याने पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधील लोक होते. अनेकांची नावेच यादीत उतरली नव्हती, किंवा उतरलेल्या याद्या स्मारकापर्यंत पोहोचल्या नव्हत्या.

== महत्त्व ==

सेवापदकाला सहसा आर्थिक लाभ जोडलेला नसतो. तरीही ज्या नोंदीवर पदक अवलंबून असते, त्याच नोंदीवर इतर हक्कही अवलंबून असतात. जखम युद्धातील म्हणून नोंदली गेली की सेवेतील अन्य अपघात म्हणून, यावर युद्धजखम निवृत्तिवेतनाची पात्रता ठरते. दुसऱ्या महायुद्धातील निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन मासिक अनुदान देते. त्यासाठीही त्या सेवेचा पुरावा हाताशी लागतो. पदकाच्या शोधात निघालेल्या कुटुंबाला कधी पदकापेक्षा ही नोंदच अधिक उपयोगी पडते.

नोंदीचे सार्वजनिक मूल्यही आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्लीत लोकार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्योत्तर काळात प्राणार्पण केलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. अशी नावे अधिकृत नोंदीवरूनच घेतली जातात. गावाच्या इतिहासात, शाळेच्या फलकावर किंवा जिल्ह्याच्या गौरवग्रंथात एखाद्या सैनिकाचा उल्लेख व्हायचा, तर अखेर आधार त्याच कागदाचा घ्यावा लागतो. निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट होऊ शकतात, आणि त्याच्यासोबत सेवा केलेले साक्षीदारही वयोमानाने कमी होत जातात. त्यामुळे नोंद तपासून पाहण्यास सैनिक हयात असतानाचा काळ सर्वांत अनुकूल ठरतो.

== हे सुद्धा पाहा ==

परमवीर चक्र
मराठा लाइट इन्फंट्री
हैदराबाद मुक्तिसंग्राम
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५
राष्ट्रीय युद्धस्मारक, नवी दिल्ली
होटगी